डाव्या दंडावरचा चट्टा

मन चिंती ते वैरी न चिंती, असं बाया उठता-बसता म्हणतात आणि लगेच भाजी चिरायला लागतात. मीही म्हणायचे. त्या म्हणीचा अर्थ मला कळला तोवर माझी लेक माझ्या घरात राहिली नव्हती, आणि तिला घराबाहेर काढणारी वैरीण मीच होते. हे आठवताना मला स्वतःची कीव येत नाही, राग येतो. तेवढा राग धरूनच सांगते, नाहीतर सांगणं व्हायचं नाही.

सिंदी रेल्वेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. यजमान जिनिंगमध्ये फिटर. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या त्या शिमग्यापर्यंत, आणि तेवढे महिने घरात माणूस कमी अन् रुई जास्त. त्यांच्या कानात रुई, भुवयांवर रुई, डब्यात उरलेल्या भाकरीवरसुद्धा रुई. मी घरी शिलाई मशीन चालवायचे. पोलकी, परकर, शाळेचे ड्रेस. मुलगी दीड वर्षाची होती, अजून अंगावर पीत होती. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि माझ्या संसारात रडावं असं काहीही नव्हतं. मी ते शोधून काढलं.

पोळा होऊन गेला होता. न्हाणीत अंग चोळताना डाव्या दंडावर, पोलक्याची बाही संपते तिथे, एक फिकट चट्टा दिसला. चार आण्याच्या नाण्याएवढा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मी पाण्याचा गडू हातात तसाच धरून किती वेळ बसले कोण जाणे. बाहेरून शेजारीण म्हणाली, "आटपलं काय वं बाई?" तेव्हा उठले.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातली बाई असती तर लिंबू चोळून मोकळी झाली असती. पण आम्ही वर्धा जिल्ह्यातले. महारोगाच्या कामाची आमच्याकडे जुनी वहिवाट. सर्व्हेवाले सायकलवर गावोगाव फिरायचे, शाळेत पोरांना ओळीत उभं करून पाठ-पोट पाहायचे, डोळे मिटायला लावून पीस टेकवायचे आणि म्हणायचे, जिथं कळलं तिथं बोट ठेव. फिकट चट्टा, न खाजणारा, सुन्न, हे आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ. माझं माहेर रोहण्याचं. तिथे आम्ही पोरी दुपारच्याला तोच खेळ खेळायचो. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं कोंबडीचं पीस लावायचं, आणि जिला कळलं नाही तिला साऱ्यांनी "लागला, लागला" करत वाळीत टाकायचं. खेळातसुद्धा मला ते आवडत नसे, कारण आमच्या घरात तो रोग खरंच होता.

माझ्या काकाला. वडिलांचा धाकटा भाऊ. त्याला शेतातल्या खोपडीत ठेवलं होतं आणि त्याची भाकर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. बांधावरच्या दगडावर भाकर ठेवायची आणि मागे सरायचं. तो उठून येईपर्यंत मी निंबाच्या झाडापर्यंत पोचलेली असायचे. एकदा त्यानं माझ्यासाठी ओंजळभर बोरं जमवून त्याच दगडावर ठेवली होती. मी ती उचलली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती, मुंग्या लागलेली, आणि काका माझ्याकडे पाहत नव्हता. पुढे त्याला वर्धेकडच्या दवाखान्यात नेलं, मग तो परत आला नाही.

तर मला सारं ठाऊक होतं. इथल्या माणसाची तीच तर गोम आहे, अर्धा डॉक्टर झालेला असतो, आणि अर्धा डॉक्टर रोगापेक्षा वाईट. दवाखाना रेल्वेनं जेमतेम तासाभरावर होता. पण दवाखान्यात जाणं म्हणजे रांगेत उभं राहणं, रांगेत कोणीतरी सिंदीचं भेटणं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात बोभाटा होणं. त्यापेक्षा आपली परीक्षा आपणच घ्यावी, असं मी ठरवलं. सकाळी चहाचं आधण उकळलं की त्यात चमचा बुडवायचा आणि चट्ट्यावर टेकवायचा. पहिल्या दिवशी चांगला चटका बसला. जीव भांड्यात पडला.

दुपारपर्यंतच राहिला तो भांड्यात. काजाला दोरा घालता घालता मनात आलं, चटका बसला खरा, पण जरा कमीच बसला का? उजव्या दंडावर लावून पाहायला पाहिजे होतं. मग दुसऱ्या दिवशी दोन्ही दंडांवर. उजवा जास्त भाजला असं वाटलं. मग तिसऱ्या दिवशी चमचा जरा जास्त वेळ. आठ-पंधरा दिवसांत चमच्याची सांडशी झाली, तीही चुलीच्या इंगळावर धरलेली. फोड आले, फुटले, खपली धरली, आणि खपलीवर मी परत सांडशी टेकवली. हे सारं मी पूर्ण शुद्धीवर, केस विंचरून, कुंकू लावून करत होते. पोलक्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वाढवल्या. बायांना वाटलं नवी फॅशन आली, दोघी-तिघींनी तशीच पोलकी माझ्याकडून शिवून नेली.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी मशीनची सुई चट्ट्याच्या मध्यावर टोचली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी आणखी खोल टोचली. रक्ताचा थेंब आला, पण कळलं नाही.

त्या दिवसापासून मी महारोगी झाले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहिलं नव्हतं, पण झाले. माणसाच्या डोक्यात एकदा एक गोष्ट पक्की बसली की सारं जग तिच्या बाजूनं साक्ष द्यायला लागतं. चालता चालता पायातली चप्पल मागे राहून गेली, तर पाय सुन्न झाला. बांगड्या घट्ट वाटल्या, तर हात सुजले. भुवयांचे केस गळतात म्हणतात, म्हणून मी आरशापुढे बसून भुवया चोळून पाहायचे, आणि तासभर चोळल्यावर कोणाच्या भुवईचे दोन-चार केस हाती येणार नाहीत? ते केस मी पांढऱ्या कापडावर ठेवून त्यांच्याकडे पाहत बसायचे.

आणि मग लेकीचं दूध तोडलं. कडुनिंबाचा पाला वाटून अंगाला लावला. ती तोंड लावायची, कडू लागलं की मागे व्हायची, माझ्याकडे पाहायची आणि परत लावायची. दोन दिवस तिनं असं केलं. तिला वाटत असावं की पुढच्या खेपेला गोड लागेल. तिसऱ्या दिवशी तिनं सोडून दिलं. त्यानंतर तिला उचलणं बंद केलं, मग न्हाऊ घालणं शेजारणीकडे दिलं, कमरेत लचक भरली म्हणून सांगितलं. तिच्या ताटलीला माझा हात लागू नये म्हणून भात वाढून झाला की ताटली मी लाटण्यानं तिच्याकडे सरकवायचे. ती हसायची. तिला तो खेळ वाटायचा. माझ्या पदराला धरायला आली की मी तेच लाटणं आडवं धरायचे. हळूहळू ती लाटणं दिसलं की थांबायला शिकली. लेकराला शिकायला वेळ लागत नाही.

संक्रांतीला माझी मोठी बहीण आली. ती समुद्रपूरला दिलेली, भाऊजी तिथे शाळेत मास्तर. तिला मूल नव्हतं. पोरीकडे पाहून ती म्हणाली, "हे काऊन इतकी वाळली वं?"

मी म्हटलं, "तिची तब्येत बरी नाई राहत, ताई. इथलं पाणी मानवत नाई तिले. तू घेऊन जाय."

"घेऊन जाय? किती दिवस?"

"बरी होईस्तोवर."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आधी काळजी आली आणि काळजीच्या मागून, तिनं किती लपवली तरी, आशा आली. ती आशा मला दिसली म्हणून मी तिला पोर दिली, असं पुढे मी स्वतःला समजावत असे. पण खरं ते सांगते. मी दुसऱ्या कोणालाही दिली असती. यजमानांनाही मी तेच सांगितलं, पोरीची तब्येत. ते म्हणाले, "आपल्याच विहिरीचं पाणी तिले काऊन मानवत नाई?" मी रडायला लागले. त्या वर्षात मी एवढी रडत होते की त्यांनी प्रश्न विचारणंच सोडलं होतं.

पोर गेली आणि घर मोकळं झालं. मला वाटलं होतं, ती सुरक्षित झाली की माझ्या जिवाची तगमग कमी होईल. छे. तोवर ती समोर होती, तिला दूर ठेवण्याचं तरी काम होतं. आता विचार आणि मी, दोघंच उरलो. सकाळी डोळा उघडायच्या आधी तो उठून बसलेला असायचा. मी पाय मारून मशीन पळवायचे, ती जितकी जोरात पळे तितका तोही. असंही वाटे की तो माझा विचार नाहीच, तो घरमालक आहे आणि मी त्याच्या घरात राहते.

वर्षातून दोन-तीनदा मी समुद्रपूरला जायचे. सिंदीहून आगगाडीनं हिंगणघाट, तिथून एस.टी. सारा रस्ता मी लेकीला मांडीवर घेतल्याचं मनात रंगवायचे आणि ताईच्या दारात पोचले की ओसरीच्या टोकाला बसायचे. पहिल्या खेपेला पोर धावत आली. "आई, आई" करत. मी उठून मागे झाले आणि म्हटलं, "दूर राह्य. तिथीच बस." ती बसली. मी आणलेला चिवडा पुडीसकट तिच्याकडे सरकवला. ताई मधोमध उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. "काय सोंगं आहेत वं तुही," एवढंच ती म्हणाली. नंतरच्या खेपेला पोर धावत आली नाही, चालत आली. त्याच्या नंतरच्या खेपेला दारातच थांबली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे सांगायला जीभ रेटत नाही. समजदार झाली, असं मला वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी घराला कडी घातली आणि रुळाकडे गेले. फार विचार करून गेले नव्हते. तीन वर्षं नुसता विचारच केला होता, आता तो संपावा एवढंच मनात होतं. फाटकाच्या पुढे, बाभळीपाशी उभी राहिले. तर समोर मालगाडी सिग्नलला थांबलेली. वाघिणींची ही लांबलचक रांग, आणि हलायचं नाव नाही. डोक्यावर ऊन, पाय भाजत होते. अर्धा-पाऊण तास मी एका थांबलेल्या गाडीपुढे उभी होते. मग मला तहान लागली. इतकी तहान लागली की मी घरी परत आले. जिवंत राहण्यामागे माझं कर्तृत्व एवढंच.

ओट्यावर सर्व्हेवाले भाऊ बसले होते. शेजारणीनं त्यांना पाणी दिलेलं होतं. हे आमच्या भागात नेहमी येणारे, अंगात पांढरा सदरा, सायकलला पिशवी. याआधी दोनदा ते आले तेव्हा मी न्हाणीत लपून बसले होते. त्या दिवशी मात्र माझ्यात लपण्याचंही त्राण नव्हतं. मी दार उघडलं, त्यांना आत बोलावलं, शेजारणीलाही उभं ठेवलं, आणि बाही वर करून दंड त्यांच्यापुढे धरला. "पाहा," म्हटलं. "अन् घेऊन जा मले कुठं न्यायचं तिथं."

त्यांनी दंड हातात घेतला. तीन वर्षांत मला असं कोणी धरलं नव्हतं. मग ते म्हणाले, "वैनी, हे भाजलं कायनं?"

मी सांगितलं. सांडशी, चमचा, सुई, सारं. ते ऐकत होते आणि त्यांचं तोंड उतरत होतं. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, पिशवीतून पीस काढलं. "इथी कळलं?" "हाव." "अन् इथी?" "हाव." "इथी?" मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "डोळे उघडा. मधात कळत नाई, बरोबर आहे, मधात तुमी चामडीच जाळून टाकली. कडेनं चट्टा उरला आहे थोडा, तिथं तर कळते तुमाले. सुन्नपण चट्ट्याचं नाई, भाजल्याचं आहे." मग त्यांनी कोपराची शीर चाचपली, गुडघ्यामागची चाचपली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. "मले तर हे साधं शिबं वाटते, वैनी. पोट्ट्याइच्या गालावर येते तसं. तरी दवाखान्यात या, नमुना घेऊ."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. खरंच सांगते. "तुमाले काय समजते? शिबं म्हणे." ते उठले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. "मले होता," ते म्हणाले. "औषधानं बरा झालो. खराखुरा कसा असते ते मले समजते."

दवाखान्यात गेले. कानाच्या पाळीतून नमुना घेतला, आठ दिवसांनी चिठ्ठी मिळाली. रोग नाही. डॉक्टरांनी परत परत तपासून सांगितलं, नाही. सुटले असं वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं ते उलटंच. रोग असता तर माझ्या वागण्याला काही अर्थ तरी राहिला असता. लेकरासाठी मायनं काळजावर दगड ठेवला, असं म्हणता आलं असतं. आता काय म्हणायचं? साप म्हणून मी भुई धोपटत बसले होते, आणि भुईवर माझं लेकरू होतं.

संध्याकाळी यजमानांना सारं सांगितलं. ते हंगामानंतरच्या दुरुस्तीच्या कामावरून आले होते, हात तेलकट. बराच वेळ त्यांनी हात धुतलेच नाहीत. मग म्हणाले, "मले वाटे, तुह्या मनातून मी उतरलो. म्हणून जवळ येऊ देत नाई." आणि मग, "मले सांगतलं असतं तर?" एका घरात दोन माणसं आपापली खोटी गोष्ट सांभाळत राहिली होती आणि दोघांच्या मधल्या जागेतून पोर निघून गेली होती. दुसऱ्या दिवशीच तिला आणू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नको. कारण चिठ्ठी पदराला बांधलेली असूनही त्याच सकाळी माझा हात बाहीत गेला होता. डॉक्टर चुकले असतील तर? नमुना बदलला असेल तर? ती घरात आली आणि मी परत लाटणं धरलं तर? कागद दाखवून विचार जात असते तर जगात दुःख उरलं नसतं.

सर्व्हेवाल्या भाऊंना मी हे पुढच्या फेरीला सांगितलं. रागानंच सांगितलं, की तुमची चिठ्ठी काही कामाची नाही. ते म्हणाले, "मले ठाऊक होतं. माहे हे दोन बोटं वाकले तेव्हा मी घंट्याघंट्याले बाकीचे तपासून पाहो. बरा झाल्यावरही. वैनी, विचाराले हाकलू नोका. हाकलला की तो दारातच बसते. त्याले वार देऊन टाका."

"वार?"

"हप्त्यातला एक दिवस. बाजाराचा ठेवा. बाकी दिवशी आला की म्हणा, बाजाराच्या दिवशी येजो. अन् हाताले काम द्या. पण त्या दिवशी त्याच्याजवळ बसा. बुडवू नोका. तुमी इमान ठेवलं तर तोही ठेवते."

मला हसू आलं. तीन वर्षांनी आलेलं ते पहिलं हसू, तेही कुत्सित. पण दुसरा उपाय कोणापाशी होता?

करून पाहा म्हणजे कळेल किती कठीण आहे. पहिल्या हप्त्यात माझ्या तोंडाला दुसरा शब्द नव्हता. दळता, शिवता, पाणी भरता, "बाजाराच्या दिवशी येजो, बाजाराच्या दिवशी येजो." शेजारीण म्हणाली, "कोणाले बोलावून राह्यली वं इतकी?" म्हटलं, "आहे एक पाव्हणा, ऐकत नाई." हात बाहीकडे गेला की त्याला काज करायला बसवायचे. काजाचा टाका बारीक, नजर हलली की बिघडतो. त्या वर्षात माझ्या हातचे काज साऱ्या सिंदीत नावाजले.

बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी ठेवली की दारात बसायचे, बाही वर करायची, आणि भाताला उकळी येईस्तोवर त्याला म्हणायचे, बोल. तो बोलायचा. रोग आहे, डॉक्टर चुकले, लेकीला लागेल, काकासारखं होईल. मग परत तेच, रोग आहे, डॉक्टर चुकले. चारच वाक्यं होती त्याच्याजवळ. हा इतका बिनडोक आहे हे मला आधी कळलं नव्हतं, कारण मी त्याचं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, अर्ध्यातूनच पळत होते.

मध्ये घसरलेही. एकदा सांडशी इंगळावर ठेवलेली यजमानांनी पाहिली. त्यांनी ती उचलून पाण्यात टाकली आणि माझ्याजवळ बसून राहिले, कामावर उशिरा गेले. असे दिवस पुष्कळ. पण वर्ष-सव्वा वर्षानं असं झालं की बाजार करून आले, भाजी निवडली, स्वयंपाक केला, जेवलो, झोपलो, आणि सकाळी मशीनवर बसताना ध्यानात आलं की काल वार होता आणि मी बसलेच नाही. त्यानंही हाक मारली नव्हती. मी यजमानांना म्हटलं, मी समुद्रपूरला जाते. एकटीच गेले. ते येतो म्हणत होते, मी नको म्हटलं.

ताईला पत्र टाकलेलं होतं. ती स्वयंपाकघरात निवडत बसली होती, तांदळात खडा नसताना निवडत होती. मी तिला सारं सांगितलं, चट्ट्यापासून चिठ्ठीपर्यंत. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ने. तुहीच आहे." आणि सूप बाजूला ठेवून रडली. तिनं मला शिव्या द्याव्या असं मला वाटत होतं. तिनं पोरीचे कपडे बांधून ठेवलेले होते, इस्त्री केलेले, वर तिची पाटी.

शाळा सुटली. पोर आता पहिलीत होती, दोन वेण्या घातलेली, ताईच्या हातच्या. ती दारात आली, मला पाहिलं आणि तिथेच थांबली. मी उठले. मी एक पाऊल पुढे गेले तशी ती एक पाऊल मागे गेली. मी आणखी पुढे, ती आणखी मागे, अंगणात, तुळशीपर्यंत. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. ती काळजीनं माझ्याकडे पाहत होती आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"जवळ नोको येऊ," ती म्हणाली. "तुले लागन."

मला आधी कळलंच नाही. मागे उभ्या ताईनं तोंडावर पदर घेतला, तेव्हा कळलं. पोरीची तब्येत बरी नसते, म्हणून तिला आईनं इथे ठेवलं, बरी होईस्तोवर. हे तिनं चार वर्षं घरीदारी ऐकलं होतं, कारण मीच साऱ्यांना सांगितलं होतं. आणि दर खेपेला तिनं डोळ्यांनी पाहिलंही होतं, की आई येते आणि तिच्यापासून दूर बसते. सहा वर्षांच्या जिवानं दोन्ही जोडून पाहिलं होतं. जो विचार मी माझ्या डोक्यातून हप्त्याच्या एका दिवसात कोंडायला वर्ष घालवलं, तो तिच्या डोक्यात कधीचा राहायला गेला होता.

मी धावले आणि तिला धरलं. छातीशी धरलं, दोन्ही हातांनी, तिच्या केसांत तोंड घातलं. ती लाकडासारखी ताठ उभी होती, हात अजून पाठीमागेच, मला लागू नये म्हणून. श्वाससुद्धा तिनं रोखून धरला होता. पुष्कळ वेळानं तो सुटला. मग तिनं माझ्या कानाशी, इतक्या हळू की ताईलाही ऐकू गेलं नसेल, विचारलं, "मी बरी झाली काय?"

तुला काही नव्हतंच, असं म्हणायला पाहिजे होतं. काही झालं होतं ते मला, आणि तेही झालेलं नव्हतं, असं म्हणायला पाहिजे होतं. पण मग ती पुढचं विचारणार होती. मग कशाला ठेवलं मला इथे, हे विचारणार होती. चार वर्षांनी ती माझ्या हातात होती, आणि तो प्रश्न आला की ती माझ्या हातात राहील का, या एका भीतीनं माझी जीभ धरली.

"हाव," मी म्हटलं. "झाली बेटा तू बरी."